गाडीची ओटी

नवी गाडी मायसाठी घेतली, असं मी सगळ्यांना सांगत असे. ऑफिसात सांगितलं, सासुरवाडीला सांगितलं, शोरूममधल्या मुलीनं विचारलं तेव्हा तिलाही सांगितलं. आज ते वाक्य आठवलं की तोंड कडू होतं, कारण त्या गाडीमुळेच मायचं घर बंद पडलं, आणि ते का बंद पडलं हे कळल्यावरही मी बराच काळ गप्प राहिलो.

तेलंगणातल्या आमच्या जिल्ह्याचे चार भाग झाले त्या वर्षीची गोष्ट. आदिलाबादच्या आमच्या ऑफिसमागच्या हॉलमध्ये लाल कापडात बांधलेल्या फाइलींचे चार ढीग घातले होते. कुठल्या मौज्याचं दप्तर कुठल्या ढिगात जायचं यावरून दिवसभर वाद चालत. संध्याकाळी कुणीतरी भिंतीवर कागद चिकटवून गेलं, आणि आम्ही नोकरदारही तसेच चार ढिगांत वाटले गेलो. मी आसिफाबादच्या ढिगात पडलो. लहानपणापासून ज्याला आम्ही एकच जिल्हा म्हणत होतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला.

माय एकटी गावात होती. आमचं गाव इचोड्याहून आत, महाराष्ट्राच्या हद्दीकडे. वडील जाऊन काही वर्षं झाली होती. वावर बटईनं, वाट्यावर कसायला दिलेलं होतं, आणि माय त्या मातीच्या भिंतींच्या घरात पुढच्या खोलीत कापूस आणि मागच्या खोलीत ज्वारी सांभाळत राहत होती. आदिलाबादला होतो तोवर दर रविवारी मोटारसायकलवर जाऊन येत असे. आता मध्ये उटनूर, जैनूर, केरामेरीचा घाट. बस बदलत जायचं तर अर्धी सुट्टी रस्त्यातच.

मी मायला म्हटलं, "घराले कुलूप लावू. चाल माह्यासंगं."

ती सुपात ज्वारी पाखडत होती. हात थांबला नाही. "तेथं मले कोन वयखते?"

"मी वयखतो नं."

"तू तं ऑफिसात जाशीन, सून तिच्या कामाले, पोरगी शाळेत. मंग मी भितीसंगं बोलू?"

बराच वेळ असं चाललं. शेवटी तिनंच तोड काढली. मी गाडी घ्यावी, एक आड एक शनिवारी यावं. जोवर गाडी मला आणते तोवर ती इथंच राहील. ज्या दिवशी माझं येणं जमेनासं होईल त्या दिवशी ती काही न बोलता कुलूप लावेल आणि माझ्यासोबत येईल.

"बोलली म्हनजे बोलली," ती म्हणाली. "मी बदलनार नाई. तूबी बदलू नको."

असा आमचा करार झाला. तिचं घर त्या गाडीच्या चाकांवर ठेवलं गेलं, हे दोघांनाही कळत होतं.

पांढरी, लहान गाडी घेतली. पहिल्यांदा गावात नेली तेव्हा अंगणात शेजारपाजार जमला. मायनं गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं. मग ती आत गेली आणि पदराच्या घोळात काहीतरी घेऊन आली. पुढची काच जिथं सुरू होते, वायपर जिथं टेकलेले असतात, त्या खोलगट जागेत तिनं मूठभर ज्वारी, एक हळकुंड, एक सुपारी आणि खोबऱ्याचा तुकडा ठेवला. गाडीची ओटी भरली. ही रीत गावाची नव्हती, तिच्या माहेरची होती. तिच्या आईनं नव्या बैलगाडीची भरली होती म्हणे. घरून निघणाऱ्या लेकीला रिकाम्या ओटीनं पाठवायचं नाही, म्हणजे ती परत येते. गाडी तर माणूसच घेऊन जाणारी.

त्या जागेला जाळीसारख्या फटी असतात. ज्वारीचे दाणे टपटप आत पडू लागले. गाडी घरात येऊन दोन दिवस झाले नव्हते, तिचं प्लास्टिकही मी काढलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर बोललो, "अवं माय, हे यंत्र हाय. सून नाई ओटी भराले. वायपर खराब होते, काच खराब होते. पुन्हा करू नको हे."

शेजारचे मामा, मायचे मानलेले भाऊ, हसत म्हणाले, "भरू दे गा. सुनेपक्षा गाडी बरी, उलटून तं बोलत नाई."

सगळे हसले. मायही हसली. मग वाकून फटीतले दाणे नखानं एकेक टिपत राहिली. बरेच आत गेले होते, ते निघाले नाहीत. अंगण रिकामं झालं तरी ती तिथंच उभी होती. मी आत चहा पीत होतो.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या नीट झाल्या. नंतरच्या एका सोमवारी पहाटे किल्ली फिरवली तर गाडी नुसती खाकरली. समोर पिवळा दिवा लागून राहिला. मामांनी आणि मी ढकलून पाहिलं. शेवटी इचोड्याहून मेकॅनिकला बोलावलं. तो मोटारसायकलवर आला, बॉनेट उघडून आत डोकावला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "चूहे खाये साब वायर. नई गाड़ी है ना, शादी का खाना समझे वो लोगां."

त्यानं तुटलेल्या तारा जोडून दिल्या. शोरूमवाल्यांनी नंतर सगळा जुडगा बदलला आणि उंदरांचं काम वॉरंटीत बसत नाही असं सांगितलं. मी तंबाखूची पानं ठेवली, डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून टांगल्या. पुढच्या फेरीला काही झालं नाही. त्याच्या पुढच्या फेरीला त्याच तारा, त्याच जागी. मेकॅनिक आला. "ये वायरां मेरेकू नाम से पहचानते अब," तो म्हणाला. मला हसू आलं नाही. ऑफिसात मोठे साहेब नवे होते, नव्या जिल्ह्यात सगळ्यांनाच आपण कामाचे आहोत हे दाखवायचं होतं, आणि मी सोमवारी दुपारी पोचत होतो.

मग जाळी बसवली. काळी टेप गुंडाळली. कुणी सांगितलं मिरचीचा फवारा मारा, तोही मारला. गाडीत बसलेली आमची मुलगी आसिफाबादपर्यंत शिंकत गेली. उंदरांना काही फरक पडला नाही. शोरूममधला माणूस मला बघितलं की आधी हसायचा आणि मग, "सार, मळ्ळी अदेना?" म्हणायचा, पुन्हा तेच का. पुन्हा तेच.

आसिफाबादला गाडी उघड्यावर उभी असे, तिथं कधी काही झालं नाही. झालं की गावात, आणि सोमवारी सकाळीच. यावरून मी काढला तो निष्कर्ष कुणीही काढला असता. उंदीर मायच्या घरात आहेत.

"तुह्या घरात उंदीर हायेत," मी म्हणायचो. "मातीच्या भिती, खोलीभर कापूस, ज्वारी. उंदीर नाई राह्यतीन तं काय राह्यतीन?"

आधी ती भांडली. "इतके वर्सं कोनाचं काई खाल्लं नाई त्याईनं. तुह्या गाडीलेच काऊन लागते?" मग मात्र भांडणं थांबवून कामाला लागली. करार तिला आठवत होता. बटईवाल्याला सांगून तिनं कापूस पुढच्या खोलीतून हलवला. कापसाचं घर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या घरातली ती खोली एकदम मोकळी, आवाज घुमणारी झाली. ज्वारी पत्र्याच्या कोठीत भरून झाकण घट्ट लावलं. भिंतीतली बिळं फुटक्या काचा आणि माती ठासून बुजवली. त्यात तिचा अंगठा कापला आणि बरेच दिवस कापडाची पट्टी बांधलेली होती. कुठल्याशा नात्यातून एक मांजर आणली. मांजर गाडीच्या बॉनेटवर उन्हात झोपायची.

"हे तं जावई आनला तुनं," मामा मायला म्हणाले. "खाते अन् झोपते."

पण तारा कुरतडल्या जात राहिल्या. दर फेरीला नव्हे; म्हणून आशा लागून राहायची आणि मग मोडायची. सोमवारी सकाळी मी किल्ली फिरवताना माय दारात उभी असे. गाडी सुरू झाली की तिचा चेहरा सैल व्हायचा. नाही झाली की आत जाऊन माझ्यासाठी पुन्हा चहा ठेवायची.

इथं मला एक सांगितलं पाहिजे, कारण ते सोडलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. गाडी बिघडते ही गोष्ट हळूहळू मला सोयीची होऊ लागली होती. दोन आठवडे काम करून थकलेलो असे. घाट, खड्डे, गावातला मच्छर, सोमवारची धास्ती. एका शनिवारी फोन केला, "माय, गाडी शोरूमले हाय." गाडी तेव्हा माझ्या दारात उभी होती, नुकतीच धुतलेली. माय म्हणाली, "असू दे. बिमार हाय तं आराम करू दे तिले. तू जेवला का?"

नंतर असं पुन्हा केलं. किती वेळा केलं ते आठवत नाही, आणि हे न आठवणंच मला जास्त टोचतं.

शेवटचं बिघडणं केरामेरीच्या घाटात झालं. गावाहून निघालो तेव्हा गाडी सुरू झाली होती. अर्धवट कुरतडलेली तार घाटात तुटली असावी. वळणावर गाडी बंद पडली. मागे बायको आणि मुलगी, वरून ट्रक हॉर्न देत येणारे. दुपारपर्यंत तिथं बसलो. ऑफिसात त्या दिवशी नव्या कलेक्टरांची बैठक होती. दुसऱ्या दिवशी मेमो मिळाला. बायको म्हणाली, "आता त्यांना इकडं आणा. किती दिवस हे चालायचं?"

पुढच्या शनिवारी मी जाऊन मायसमोर बसलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण बोलायची वेळच आली नाही. माझ्या तोंडाकडे बघून तिनं विचारलं, "पुन्हा?"

"घाटात बंद पडली."

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "बोलली व्हती मी," ती म्हणाली. "कुलूप कोठं हाय पायते."

रविवारचा सगळा दिवस ती भांडी आवरत राहिली. मांजर मामांकडे दिली. मामीनं येऊन मायची ओटी भरली. लेक निघावी तशी ती स्वतःच्याच घरातून निघत होती. सोमवारी पहाटे तिनं दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. मी गाडीत बसून किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

माय शेजारी बसली होती. "पाय," ती म्हणाली, "आज कशी निगाली. मले न्याले टपूनच बसली व्हती रांड."

त्या आधी किंवा नंतर मी तिच्या तोंडून शिवी ऐकली नाही.

आसिफाबादचं भाड्याचं घर सिमेंटचं, वर-खाली बिऱ्हाडं असलेलं. माय सकाळी उठून अंगण झाडायला झाडू घ्यायची आणि अंगण नाही हे आठवून पायऱ्या झाडायची. वरच्या बाई जाता-येता विचारत, "अम्मा, तिन्नारा?" जेवलात का. माय हात हलवून "तिन्ना, तिन्ना" म्हणायची. दिवसभरात तेवढंच बोलणं. भिंतीशी बोलावं लागेल असं ती म्हणाली होती. ती भिंतीशीही बोलली नाही. दुपारी पदराच्या गाठीतली किल्ली काढून पुसायची आणि परत बांधायची.

गाडी मात्र उत्तम चालली. पावसाळा गेला, एकदाही बिघडली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गाडी धुवायला काढली. काचेखालच्या फटींत पानं अडकली होती, म्हणून वायपरजवळचं प्लास्टिकचं झाकण स्क्रू काढून उचललं. खाली पन्हाळीसारखी जागा असते. तिथं ज्वारीचा कोंडा साचला होता. वितभर लांब, थरच. त्यात कुरतडलेली सुपारी, दातांच्या खुणा असलेली हळकुंडं, एक नव्हे, बरीच. खोबऱ्याच्या वाळक्या चकत्या. उंदरांच्या लेंड्या. आणि त्या पन्हाळीच्या कडेनं खाली उतरणाऱ्या त्याच तारा, ज्यांना मेकॅनिक नावानं ओळखायचा.

पहिल्या दिवशी सांडलेले दाणे इतके नव्हते. मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून उभा राहिलो आणि एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. रविवारी संध्याकाळी मी गावातल्या हॉटेलात चहाला जात असे. दिवेलागणीला परत आलो की माय कधी कधी गाडीजवळ पदर सावरत उभी दिसायची. मला वाटायचं, धूळ पुसते आहे. मी रागावलो होतो म्हणून ती लपून ओटी भरत होती. मी परत यावं म्हणून. रात्री उंदीर ते दाणे खायला येत आणि दाणे संपले की तारा. कधी घाईत तिला जमलं नसेल, त्या सोमवारी गाडी सुरू झाली. आणि ज्या दिवशी ती स्वतःच गाडीत बसून निघाली, त्या दिवशी कुणाची वाट बघायची नव्हती, ओटी भरली नाही, गाडी एका झटक्यात निघाली.

आतून तिचा आवाज आला, "झाली का धुऊन? झेंडू घालाचा हाय."

मी पाइप लावला आणि सगळं वाहून जाऊ दिलं.

तिला सांगितलं तर तिला किती लागेल, स्वतःचं घर स्वतःच्याच मुठीनं गेलं असं वाटेल, हे माझ्या मनात आलं होतं. पण ते दुसरं आलं. पहिलं आलं ते असं, की हे कळलं तर ती म्हणेल, मग मला घरी सोड. आणि पुन्हा तो घाट, ते शनिवार. पहिला विचार दुसऱ्याच्या मागे लपवून मी सगळा हिवाळा काढला. बायकोलाही सांगितलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास मायनं एकदा जेवताना विचारलं, "गाडी आता चांगली चालते नं?"

"चालते."

"मंग मले सोडून दे घरी. तू येत जाय पह्यल्यासारका."

मी ताटात बघत म्हणालो, "इथं चालते माय. तेथं नेली का पुन्हा तेच. त्या घराचे उंदीर काई जात नाईत."

ती ठीक आहे अशा अर्थानं मान हलवून भात कालवत राहिली. तिनं बिळं बुजवली होती, अंगठा कापून घेतला होता, कापूस हलवला होता, आणि तिच्या घरावरचा तो आरोप मी खोटा आहे हे माहीत असताना पुन्हा केला.

नंतर मला बेज्जूरकडे कॅम्पची कामं लागू लागली. रविवारी संध्याकाळी निघायचं, तिकडेच मुक्काम, दोन-तीन दिवसांनी परत. जंगलाचा रस्ता, फोन लागत नाही. पहिल्यांदा निघालो त्या दिवशी गाडीत बसताना वायपरपाशी पिवळं काहीतरी दिसलं. हळकुंडाचं टोक. मायनं पुन्हा सुरू केलं होतं. ती दारात उभी होती, दोन्ही हात पदराखाली. मी गाडी सुरू केली. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, घर दिसेनासं झाल्यावर, गाडी थांबवली, झाकण काढलं आणि दाणे हातानं ओंजळीत घेऊन टाकीच्या ओट्याशी टाकले. स्क्रू मी तेव्हापासून ढिलेच ठेवू लागलो.

प्रत्येक कॅम्पला असंच. ती भरायची, मी वळणावर रिकामी करायचो. चिमण्यांना ती वेळ कळली होती. मी झाकण काढायला लागलो की त्या टाकीवर येऊन बसत. दाणे टाकताना मी दर वेळी आजूबाजूला बघायचो, चोरासारखा.

एकदा कॅम्पहून परत आलो तर माय पायरीवर बसली होती. तिच्या पुढ्यात हळकुंड होतं, धूळ लागलेलं. वरच्या बाईंसोबत टाकीपलीकडच्या मारुतीला गेली होती.

"हे माहं हाय," ती म्हणाली. "कोठीतलं, घरून आनलेलं. मी वयखते."

मी चपला काढत राहिलो.

"लाज वाट्टे तं तसं सांगाचं. फेकाचं काऊन?"

"लाज नाई वाटत माय."

"मंग?"

तिच्या शेजारी पायरीवर बसलो आणि सांगितलं. उंदीर दाण्यांसाठी येत होते. दाणे संपले की तारा खात होते. बास, एवढंच वाक्य होतं. ज्या गोष्टीला मी महिनोन्महिने घाबरलो, ती सांगायला एका पायरीचं बसणंही पुरलं.

माय हळकुंड बोटांत फिरवत होती. तिला समजायला वेळ लागला नाही. तिनं फक्त विचारलं, "म्हनजे घरात उंदीर नव्हते?"

"होते थोडे. सगळ्याच घरी असते. पन गाडीवर ते..."

"माह्या दान्यानं."

"हो."

"तुले कवा समजलं?"

खोटं बोलता आलं असतं. कालच, असं म्हणता आलं असतं. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणालो, "दसऱ्याले."

वरच्या बाई जिन्यावरून उतरत होत्या. "अम्मा, तिन्नारा?" माय म्हणाली, "तिन्ना." बाई निघून गेल्या.

"संक्रातीले मी इचारलं व्हतं तुले," माय म्हणाली.

"हो."

"सांगतलं असतं तं दाने टाकले नसते. एक मूठ तं व्हती. येवढी येडी हाय का मी?"

मी म्हणालो, घर तिनं बंद केलं नाही, मी केलं. हे तिला बरं वाटावं म्हणून बोललो असेन, पण ते खरंही होतं. तिनं ते ऐकलं आणि जरा विचार केला, भाव ठरवताना करते तसा. "मीबी केलं," ती म्हणाली. "अन् तुनंबी केलं." मग पदराची गाठ चाचपून उठली. "शनवारी मले सोडून दे."

शनिवारी तिला घेऊन निघालो. वाटेत ती फारसं बोलली नाही. घाटात ती जागा आली तेव्हा मी दाखवली, इथं बंद पडली होती. तिनं काचेतून बघितलं आणि "हं" म्हटलं. इचोड्याला चहाला थांबलो. मेकॅनिकनं रस्त्यापलीकडून हात केला, "क्या साब, मेरेकू भूल गये?" माय मला म्हणाली, "त्याले सांग, गाडी बरी झाली."

घराच्या दाराच्या चौकटीला उधई, म्हणजे वाळवी, लागली होती. कुलूप उघडलं, पण दार ढकलताना चौकटीचा एक तुकडा मायच्या हातात आला. पुढच्या खोलीत एका कोपऱ्यात छपरातून माती पडली होती. मामा मांजर घेऊन आले. "घे तुहा जावई," ते म्हणाले, "माह्याकडंबी काई काम नाई केलं यानं." माय त्यावर हसली आणि झाडू शोधू लागली. बंद घर एका पावसाळ्यात किती खचतं ते मी तेव्हा पाहिलं. ते पुरतं सावरलं नाही. तो कोपरा आम्ही सोडूनच दिला.

सोमवारी पहाटे मी निघालो तेव्हा ती दारात उभी होती. हात पदराखाली नव्हते, नुसते बाजूला सोडलेले. मी गाडीत बसलो आणि मग खाली उतरलो.

"माय, भर नं ओटी. मी फाट्यावर काढून घेईन."

"नाई," ती म्हणाली. "गाडी चांगली राहू दे."

"येतो मी."

"ये."

तेव्हापासून गाडी एकदाही बिघडली नाही. शोरूमवाला मला विसरला आहे. मी एक आड एक शनिवारी जातो, आणि रविवारी संध्याकाळी चहाला न जाता घरातच बसून राहतो. काही उपयोग नाही, तरी बसतो. माय गाडीकडे फिरकत नाही. अंगण झाडतानाही गाडीभोवतीचा घेर सोडून झाडते.

एखाद्या शनिवारी माझं जाणं होत नाही. खरंच काम असतं, किंवा नसतं. फोन हातात घेतला की "गाडी शोरूमले हाय" हे जुनं वाक्य ओठांवर येतं आणि मी ते गिळतो. "या खेपेला जमत नाई माय," एवढंच म्हणतो. ती काऊन म्हणून विचारत नाही. "बरं," म्हणते, आणि मी जेवलो का ते विचारते.